मागदाला नावाची तोफांची आगबोट

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात जमिनीचे कागद, दोन-तीन जन्मपत्रिका, आजीच्या लग्नातला शालू आणि सगळ्यांत खाली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एका आगबोटीचा फोटो असे. दिवाळीच्या आवराआवरीत तो वर्षातून एकदा बाहेर निघे आणि दरवर्षी आजी तेच सांगे, की खापरपणजोबा मुंबईला गोदीत कारकून होते, त्यांचे धाकटे भाऊ रंगूनला गेले ते याच आगबोटीने, आणि गेले ते पुन्हा आले नाहीत. हे सांगताना ती पदराच्या टोकाने फोटो पुसत असे. आम्ही मुले फोटोवर ओणवून विचारायचो, "आजी, हिला खिडक्या का नाहीत गं?" त्याचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते.

प्रश्न अगदी नेमका होता, हे मला चाळीस वर्षांनी कळले. रंगूनला उतारू नेणाऱ्या आगबोटीला खोल्या असतात, खोल्यांना गोल खिडक्या असतात, उतारूंना उभे राहायला उंच कठड्यांचे मजले असतात. फोटोतल्या जहाजाचे अंग पाण्याबाहेर जेमतेम कमरेइतके होते आणि ते सबंध लोखंडी होते. तरीही आजीचा शब्द घरात प्रमाण असल्यामुळे ती आगबोट आम्हा सर्वांसाठी रंगूनचीच राहिली. फोटो उलटा करून मागे काय लिहिले आहे हे पाहण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, कारण मागची ओळ मोडीत होती आणि मोडी वाचणारी पिढी आजोबांबरोबर संपली होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी विचारण्याची सवयच असते. ४५ फूट ही धोक्याची पातळी हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. आम्ही घर सोडले तेव्हा गॅसची शेगडी, पुस्तकांचे दोन खण आणि देव माळ्यावर ठेवले, ट्रंक मात्र खाली पलंगाखालीच राहिली. आठ दिवसांनी परत आल्यावर ती उघडली तेव्हा आत ट्रंकेच्या काठापर्यंत पाणी होते आणि तळाशी चार बोटे गाळ. जन्मपत्रिकांचा लगदा झाला होता. फोटो हाताला लागला तो पुठ्ठ्याच्या जाडीमुळे.

माझ्या मनात पहिला विचार आला तो उन्हात वाळत घालण्याचा, आणि मी तो गच्चीवर नेलाही होता. शेजारच्या घरातली मुलगी पुण्याला ग्रंथालयशास्त्र शिकत होती, तिने मला जिन्यातच अडवले. तिच्या सांगण्यावरून मी तो पसरट परातीत स्वच्छ गार पाण्यात धरला, गाळ बोट न लावता पाण्यानेच सुटू दिला, मग टीपकागदावर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवला आणि थोडा ओलसर असतानाच कडांवर हलके वजन ठेवले. तिने कारणही सांगितले. त्या काळचा असा फोटो पातळ कागदावर असतो आणि त्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असतो. चांदीचे क्षार त्या थरात धरले जातात आणि चित्र उमटते ते त्यांचे. कागद भराभर वाळला की बलकाचा थर आखडतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि कागद गुंडाळी होऊन पुठ्ठ्यापासून सुटतो. जुने फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात तेही याच आखडण्यामुळे. एकशे चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी नीट खळ लावून चिकटवले होते, म्हणून आमचा फोटो पुठ्ठ्याला धरून राहिला.

डाग राहिलाच. डाव्या कडेला वरून खाली, पानावर चहा सांडावा तशा रंगाची एक वाकडी रेघ आहे. ती धुराड्याच्या टोकाशी सुरू होते आणि खालच्या मचव्याच्या मागे जाऊन विरते. पण वाळल्यानंतर मी भिंग घेऊन बसले तेव्हा लक्षात आले की आयुष्यभर घरात असलेल्या या चित्राकडे मी कधी पाहिलेच नव्हते.

आकाश सबंध कोरे आहे, ढगाचा एक ठिपकाही नाही. पाणी काचेसारखे सपाट आहे, एकही लाट नाही. दोन्ही गोष्टी मुंबईच्या हवेच्या नाहीत, त्या काळच्या फोटोग्राफीच्या आहेत. तेव्हा काचेवर कोलोडियनचा चिकट थर देऊन, ती चांदीच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळायच्या आत धुवावी लागे. म्हणजे फोटो काढणाऱ्याला आपली अंधारी खोली, निदान एक काळा तंबू, धक्क्यावर घेऊन यावे लागत असे. त्या काचेला निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे आकाश पांढरे फटक येई, आणि झाकण काही सेकंद उघडे ठेवावे लागे, त्यामुळे लाटा एकमेकींत मिसळून पाणी गुळगुळीत दिसे. जे स्थिर आहे तेवढेच स्पष्ट उमटते. जहाज नांगरावर आहे, म्हणून त्याचा रिव्हेट न् रिव्हेट दिसतो. पुढे एक मचवा आहे, शीड उतरवलेला. त्यात बसलेल्या माणसाचे धड ओळखू येते, पण वल्ह्यांच्या जागी दोन्ही बाजूंना केवळ धुरकट पंखे आहेत. तो वल्हवत होता.

आता जहाज. खालचे अंग लांब, सपाट आणि पाण्याला टेकलेले. त्याच्या मधोमध एक उंच चिलखती भिंत घातलेली आहे आणि त्या भिंतीच्या दोन टोकांना एक पुढे, एक मागे, असे दोन गोल बुरूज आहेत. दोन बुरुजांच्या मध्ये धुराडे. बुरुजांच्या वरच्या पातळीवर खांबांवर उचललेली एक अरुंद माडी आहे, तिच्यावर होड्या टांगल्या आहेत आणि उन्हासाठी कनात ताणली आहे. शिडे चढवायच्या डोलकाठ्या नाहीत, फक्त निशाणासाठी एक बारीक काठी. ज्याने सह्याद्रीतले किल्ले पाहिले आहेत त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. खालचे सपाट अंग ही माची, मधली भिंत हा बालेकिल्ला, आणि तोफा बुरुजांत. फरक एवढाच की इथे बुरूज स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे शत्रू ज्या दिशेला असेल त्या दिशेला जंग्या, म्हणजे तोफांची तोंडे काढायची भोके, वळवता येतात आणि त्यासाठी सबंध जहाज वळवावे लागत नाही.

मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक मला विश्रामबागेत भेटले. ते मोडीचे कागद फुकट वाचून देतात, फक्त घाई करायची नाही अशी त्यांची अट आहे. त्यांनी पुठ्ठा खिडकीशी तिरपा धरला. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, बोरू न उचलता अक्षरे एकमेकांत ओवत जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अनोळखी परदेशी नाव आले की वाचणाऱ्याची परीक्षा असते. त्यात मधली तीन-चार अक्षरे पाण्याने पुसट झालेली. "मुंबई बंदर, हे स्वच्छ आहे," ते म्हणाले. "शेवटी तोफांची आगबोट आहे. मधे काहीतरी 'दाला' आहे, ताई. 'दाला नावाची'. त्याच्या आधी 'माग' असावे." त्यांनी ते कागदावर बाळबोधीत लिहून दिले : मुंबई बंदर मागदाला नावाची तोफांची आगबोट.

रंगूनची आगबोट तिथे संपली. 'मागदाला' म्हणजे मॅग्डाला, मुंबई बंदराच्या रक्षणासाठी लंडनमध्ये खास बांधलेली चिलखती युद्धनौका. पुढचे कित्येक महिने मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत राहिले आणि जितके वाचले तितका हातातला फोटो मोठा होत गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या साठच्या दशकात युद्धनौकांचे जग उलटेपालटे झाले होते. मार्च १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात 'मॉनिटर' नावाची, पाण्याला टेकलेली आणि एकच फिरता बुरूज असलेली लोखंडी नौका हॅम्प्टन रोड्सच्या लढाईत दुसऱ्या चिलखती नौकेशी कित्येक तास झुंजली आणि लाकडी जहाजांचे दिवस भरल्याचे सर्व दर्यावर्दी राष्ट्रांना कळून चुकले. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडवला आणि मुंबईत पैशाचा पूर आणला. बंदर श्रीमंत झाले, पण १८६३ मध्ये हिंदुस्थानचे जुने आरमार मोडीत काढले गेले होते, त्यामुळे त्याला स्वतःची राखण अशी उरली नव्हती. परक्या राष्ट्राच्या एखाद्या चिलखती नौकेने बंदरात शिरून तोफा रोखल्या तर काय, ही धास्ती त्यातून आली.

ब्रिटिश आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी मॉनिटरमधला दोष ओळखला होता. बुरूज थेट खालच्या तक्तपोशीवर, म्हणजे डेकवर, बसवला की लाट सरळ त्याच्यावर येते, आणि झडपा, धुराडे, हवेच्या वाटा यांतून पाणी आत शिरते. त्यांनी जहाजाच्या मध्यभागी ती चिलखती भिंत उभी केली, बुरूज तिच्या आधाराने वर उचलले आणि आत जाणाऱ्या सगळ्या वाटा भिंतीच्या आत घेतल्या. म्हणजे पाणी माचीवरून वाहून गेले तरी बालेकिल्ला कोरडा. या नमुन्याच्या दोन जुळ्या नौका बांधल्या गेल्या. 'सर्बेरस' ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नसाठी आणि 'मॅग्डाला' मुंबईसाठी. तिसरी, थोडी लहान आणि थोडी स्वस्त, 'ॲबिसिनिया', हीही मुंबईसाठीच.

मॅग्डालाची बांधणी टेम्स आयर्नवर्क्सच्या गोदीत ऑक्टोबर १८६८ मध्ये सुरू झाली, २ मार्च १८७० रोजी ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुरी झाली. लांबी २२५ फूट, रुंदी ४५ फूट, वजन सुमारे ३,३४० टन, खर्च १,३२,४०० पौंड. पाण्याखाली तिचा भाग सुमारे १५ फूट होता. हा आकडा वाचल्यावर मला आयर्विन पुलाखालचे पाणी आठवल्याशिवाय राहिले नाही. अंगावर ६ ते ८ इंच जाडीचे लोखंडी चिलखत, बुरुजांना ९ ते १० इंच. दोन बुरुजांत मिळून चार तोफा, प्रत्येक तोफेच्या तोंडाचा व्यास १० इंच आणि वजन १८ टन, आणि त्या तोंडाकडून ठासायच्या. जहाजावर माणसे सुमारे दीडशे. वेग ताशी साडेदहा सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे सायकलवरचा दूधवाला जातो तितका. बंदराची राखण करणाऱ्याला कोणाचा पाठलाग करायचा नसतो.

तिच्या चिलखताच्या मागे ९ ते ११ इंच जाडीच्या सागवानी तक्त्यांचा थर होता. गोळा लोखंडावर आदळला की त्याचा धक्का लाकडाने सोसायचा, अशी ती योजना. हे वाचून मी बराच वेळ थांबले. कारण पन्नासच वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर याच सागवानाची सबंध युद्धनौका ब्रिटिश आरमारासाठी बांधत होते. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली १८१७ मध्ये बांधलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. ज्या मुंबईने जहाजे बांधून इंग्लंडला दिली, त्या मुंबईच्या रक्षणाला आता जहाज इंग्लंडहून आणावे लागले, आणि त्यात साग उरला तो चिलखताच्या आत, बाहेरून न दिसणारा. लोखंडाने आपल्या कारागिरांच्या हातचे काय काढून घेतले, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या गोष्टीने दाखवलेले नाही.

तिच्या प्रवासाची वेळ फार वाईट होती. मॅग्डाला पुरी व्हायच्या दोनच महिने आधी, ७ सप्टेंबर १८७० रोजी मध्यरात्र उलटताच, 'कॅप्टन' नावाची ब्रिटिश आरमाराची नवी कोरी बुरुजांची नौका स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात उलटली. तिचेही अंग पाण्यालगत होते आणि त्यावर पूर्ण शिडांच्या उंच डोलकाठ्या उभ्या केल्या होत्या. जवळजवळ ४८० माणसे बुडाली, त्यांत तिची कल्पना मांडणारे कूपर कोल्स स्वतः होते. पाण्याबाहेर कमी अंग आणि वर शिडांचा भार यांचा मेळ बसत नाही, हे रीड आधीपासून सांगत आले होते, आणि त्यांनी आपल्या नौकांना लढाईसाठी शिडे दिलीच नव्हती. पण मुंबईपर्यंतचा पल्ला गाठायला कोळशाला जोड हवी म्हणून मॅग्डालाला तात्पुरत्या तीन डोलकाठ्या बसवल्या गेल्या आणि १८७०-७१ च्या हिवाळ्यात ती निघाली. 'कॅप्टन'ची बातमी ताजी असताना, समुद्राला कमरेइतक्या उंचीने सामोऱ्या जाणाऱ्या या जहाजावर जी माणसे चढली, त्यांच्या घरच्यांना ते महिने कसे गेले असतील याचा मी विचार करते. मुंबईला पोचल्यावर डोलकाठ्या उतरल्या. आमच्या फोटोत त्या नाहीत, म्हणजे तो मुंबईतलाच.

नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती मराठी कानाला लांबची नाही. मॅग्डाला हा ॲबिसिनियातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला, डोंगरी किल्ला. तिथला राजा थिओडोर याने काही युरोपीय माणसांना कैदेत ठेवले म्हणून मुंबई लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली १८६८ मध्ये फौज गेली. ती मोहीम मुंबईहून हलली, तिच्यात मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या आणि तोफा ओढायला इथून ४४ हत्ती नेले होते. १३ एप्रिल १८६८ रोजी किल्ला पडला आणि थिओडोरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. किल्ल्याची लूट झाली, त्यातली हस्तलिखिते लंडनला गेली, आणि राजाचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू यालाही नेले गेले; तो १८७९ मध्ये इंग्लंडमध्येच, अठराव्या वर्षी वारला. ॲबिसिनियाला आपल्या जुन्या मराठीत हबसाण म्हणतात. तिथून आलेले ते हबशी, आणि जंजिऱ्याचे सिद्दी त्यांच्यातले. ज्या कोकण किनाऱ्यावर सिद्दीचा जलदुर्ग शतकानुशतके उभा आहे, त्याच किनाऱ्यावर हबसाणातल्या एका पाडलेल्या किल्ल्याचे नाव घेऊन इंग्रजांचा हा तरता जलदुर्ग येऊन उभा राहिला. जिंकलेल्या गडाचे नाव पहारेकऱ्याला द्यायचे, यात जो माज आहे तो मला खुपतो, आणि फोटोवर माझे प्रेम असले तरी तो खुपणे मी लपवणार नाही.

त्यानंतर तिने काय केले, तर पहारा. सुमारे तीस वर्षे ती मुंबईतच राहिली. शत्रूची नौका आली नाही आणि लढाईत तिच्या तोफेचा गोळा सुटला नाही. काहीजण याला वाया गेलेला खर्च म्हणतील. मला तसे वाटत नाही, कारण गडावरच्या शिबंदीचे मोल तिने किती वेळा तलवार उपसली यावर कोणी ठरवत नाही. पण पहारा कोणाचा होता हेही विसरता येत नाही. ती बंदरात उभी असताना १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आमच्या या कृष्णाकाठावरून, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातून, वणव्यासारखा गेला. माणसे जनावरे सोडून मुंबईच्या वाटेला लागली. बंदरातून मात्र धान्य बाहेर जात राहिले, आणि ज्या व्यापाराच्या राखणीला ही नौका उभी होती तो हाच. खापरपणजोबा याच सुमारास घाट उतरून मुंबईला गेले, असे घरात सांगतात. गोदीतल्या कारकुनाच्या मेजावरून त्यांना ती रोज दिसत असणार.

फोटो कधीचा, याचे उत्तर तोफांनी दिले. १८९२ मध्ये मॅग्डालाच्या जुन्या ठासणीच्या तोफा काढून मागून भरायच्या ८ इंची तोफा बसवल्या गेल्या. नव्या तोफांच्या नळ्या लांब असत आणि बुरुजाबाहेर दूरवर येत. जुन्या तोफा आखूड आणि जाड. तोंडाकडून ठासायच्या असल्यामुळे त्या आत ओढून घ्याव्या लागत आणि त्यांचे तोंड जंगीच्या जेमतेम बाहेर येई. आमच्या फोटोत पुढच्या बुरुजावर दोन काळी वर्तुळे दिसतात आणि त्यांच्या कडेने नळीचा इंचभर काठ. मी हे भिंगाखाली निदान वीस वेळा पाहिले, दुपारच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली. म्हणजे फोटो १८७१ नंतरचा आणि १८९२ च्या आधीचा.

१९०३ मध्ये मॅग्डाला आणि ॲबिसिनिया दोन्ही भंगारात विकल्या गेल्या. लोखंड वितळले, साग कुठल्या वखारीत गेला असेल. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा बांधलेले नव्हते; आज अपोलो बंदरावर उभे राहून समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाला त्या पाण्यावर तीस वर्षे काय उभे होते याची खूण म्हणून एक खिळाही सापडणार नाही.

जुळी बहीण मात्र आहे. मेलबर्नची सर्बेरस १९२४ मध्ये भंगारवाल्याला विकली गेली, पण त्याने उपयोगी तेवढे काढून घेतल्यावर १९२६ मध्ये ब्लॅक रॉकजवळच्या हाफ मून बे या उपसागरात तिला लाटा अडवण्यासाठी मुद्दाम बुडवले गेले. पाणी तिथे उथळ आहे, त्यामुळे तिचे बुरूज आणि ती मधली भिंत पाण्याबाहेर राहिली. १९९३ मध्ये खालचे अंग खचले आणि वरचा सगळा भार खाली बसला. पुढे तिच्या चारही १८ टनी तोफा काढून शेजारीच समुद्रतळाशी ठेवल्या, की सांगाड्यावरचे ओझे कमी व्हावे. तिचे आजचे छायाचित्र आणि आमचा फोटो मी शेजारी शेजारी ठेवले. गंजलेल्या बुरुजांवर समुद्रपक्षी बसलेले आहेत, तक्तपोशी दिसत नाही, तरी दोन बुरुजांमधले अंतर, धुराड्याची जागा, वरच्या माडीच्या खांबांचे खुंट, सगळे आमच्या पुठ्ठ्यावरच्या जहाजाशी जुळते. मॅग्डालाचे अंग कसे दिसत होते हे जाणून घ्यायचे तर आज एवढेच दोन मार्ग आहेत. एक तिची बुडवलेली बहीण, आणि दुसरे तिचे उरलेसुरले फोटो. त्यांतला एक आमच्या पलंगाखाली आठ दिवस पाण्यात होता, हे आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मोठी प्रत काढून मी आत्याकडे मिरजेला गेले. आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे. रंगूनची गोष्ट खोटी ठरली हे तिला कसे सांगावे, याची मला काळजी होती, पण तिने ते शांतपणे ऐकून घेतले. "आईला कोणीतरी तसं सांगितलं असेल गं," ती म्हणाली. "भाऊ गेला ते दुःख होतं, आणि घरात आगबोटीचं चित्र हेच एक होतं. मग ते दुःख त्या चित्रावर ठेवलं." मग तिने चष्मा कपाळावर चढवला, प्रत डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, "ही माणसं कोण?"

माणसे मी मोजली होती. मागच्या बुरुजाशी चार, वरच्या माडीवर कनातीखाली पाच, पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीजवळ दोन, मिळून अकरा. वरच्या पाचांत दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या आहेत आणि ते कॅमेऱ्याकडे तोंड करून ताठ उभे आहेत, बहुधा इंग्रज अधिकारी. बुरुजाशी असलेले चौघे डोक्याला फडके बांधलेले खलाशी आहेत. मुंबईच्या आगबोटींवर तेव्हा रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येने असत, त्यामुळे या चौघांत मराठी बोलणारे असणार असे मी आत्याला म्हटले. त्यांच्या मागे दोरीवर कपडे वाळत घातले आहेत. एक सदरा आणि एक लांब कापड, त्याचे टोक वाऱ्याने हललेले. नांगराजवळच्या दोघांतला एक वाकलेला आहे आणि त्याने नेमके त्या काही सेकंदांत डोके वळवले आहे, त्यामुळे खांद्यांच्या वर चेहऱ्याऐवजी एक राखाडी झुळूक आहे. आत्याने त्याच्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "याला कामाचं होतं, याला नाही उभं राहायचं होतं."

फोटो आता आम्लमुक्त कागदाच्या लिफाफ्यात, सपाट, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात आहे. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला शाईने काही लिहायचे मी टाळले, कारण ती जागा खापरपणजोबांची आहे. लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहिले आहे : 'मॅग्डाला. मुंबई बंदर. १८७१ ते १८९२ च्या दरम्यान. मागे मोडीत एक ओळ. अकरा माणसे, एक मचवेवाला. डावीकडचा डाग कृष्णेचा, ऑगस्ट २०१९.'